पिशवी तेवढी राहू द्या

काष्टीच्या बाजारात परवा एक ओळखीचा शेतकरी म्हणाला, "शेठ, वहिनींना त्या काविळीच्या औषधानं गुण आला म्हनं. बरं झालं बघा."

माझ्या हातात गाईचा कासरा होता. तो मी तिथंच टाकला. गुण आला! माझ्या बायकोला नगरच्या डॉक्टरीणबाईंनी मरणाच्या दारातून ओढून आणली आणि नाव कोणाचं झालं? ज्याने तिचे आठ दिवस फुकट घालवले, त्याचं.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला सांगायची संधी नको.

तीस वर्षं मी गाईंचा व्यापार करतो. सुरुवात एका कालवडीपासून केली, तीही पायी हाकत आणलेली. गाय घेताना मी दात बघतो, तिला चालवतो, दोन वेळा स्वतः धार काढतो. मालकाच्या शब्दावर गाय घेतली नाही कधी. सौदा अडला की पाठ फिरवतो आणि चालू लागतो. दहा-पंधरा पावलांत मागून हाक येतेच.

बायकोला वर्षभर त्रास होत होता. तळलेलं किंवा तुपाचं काही खाल्लं की उजव्या बरगडीखाली कळ यायची. ती पाठीतून खांद्यापर्यंत जायची, उलट्या व्हायच्या. दोन-तीन तास लोळायची आणि मग काही झालंच नाही अशी उठून भाकरी थापायला बसायची. घरात सगळे म्हणायचे, पित्त झालंय, सोडा घे. मीही म्हणायचो. शेवटी सोनोग्राफी केली, तर पित्ताशयात खडेच खडे.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, दुर्बिणीतून ऑपरेशन करू. तीन-चार बारीक छिद्रं पडतील. पित्ताची पिशवी काढावी लागेल."

मी म्हणालो, "खडे काढा. पिशवी तेवढी राहू द्या."

"खडे पिशवीतच तयार होतात. पिशवी ठेवली तर पुन्हा होतील."

"मग औषधानं पाडा. माझ्या भावाचा कुळथाच्या पाण्यानं पडला."

"तो मुतखडा होता, काका. तो लघवीवाटे जातो. या खड्यांना ती वाटच नाही."

"आन पिशवीबिगर माणूस जगंल?"

"पित्त यकृत तयार करतं. पिशवी ते नुसतं साठवते. ती नसली तरी ते थेट आतड्यात उतरतं, अन्न पचतं." पुढे म्हणाल्या, "त्रास नसता तर मीच म्हणाले असते, राहू द्या. पण कळा सुरू झाल्यात. एखादा खडा नळीत उतरून अडकला तर अवघड होईल."

मला वाटलं, भीती घालून भाव वाढवतायत. मी उठलो, पाठ फिरवली. दारापर्यंत गेलो. हाक आली नाही. उलट त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. बायको खुर्चीतच बसून होती. म्हणाली, "तुमी जावा. मी बसते हितंच." मी तिला उठवून घरी आणली. हाक न आल्याचा राग मला तीन आठवडे पुरला.

तीन आठवड्यांनी तिचे डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली. मेहुणा म्हणाला, "काविळीला दवाखाना चालत न्हाई, दाजी." घोड नदीच्या काठी एकजण औषध देतो, तिकडे नेली. त्याने ताकातून कसली तरी मुळी दिली आणि गळ्यात काड्यांची माळ घातली. "माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरंल," म्हणाला. गाईचे दात बघणारा मी, त्याला एक शब्द विचारला नाही. पोटातल्या खड्यांचं सांगितलंसुद्धा नाही, कारण त्यानेही विचारलं नाही.

माळ बेंबीपर्यंत आली आणि डोळे हळदीसारखे झाले. नवव्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला आणि ती मला ओळखेना.

पुन्हा त्याच डॉक्टरीणबाई. टोमणा मारतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "खडा नळीत अडकलाय, वर जंतू झालेत. आधी तोंडातून दुर्बीण घालून तो काढायचा, पिशवीचं नंतर." नर्सने कात्रीने माळ कापून माझ्या हातात दिली. दाखवतील तिथे मी सह्या केल्या. तीन दिवस बायकोने डोळे नीट उघडले नाहीत. उघडले तेव्हा पहिलं बोलली, "काढली का पिशवी?" मी म्हणालो, "काढतील पुढच्या आठवड्यात." ती म्हणाली, "आता घासाघीस करू नका."

आणि आता त्याच्या औषधाने गुण आला म्हणे!

बाजारातून घरी आलो. पिशवीतून निघालेले खडे बायकोने काचेच्या बाटलीत ठेवलेत, ती खिशात घातली आणि तडक त्याच्या ओट्यावर गेलो. दहा-बारा माणसं बसली होती. बाटली त्याच्यापुढे आपटली.

तो शांतपणे म्हणाला, "माझ्या औषधानं ढिले झाले म्हनून तर निघाले."

माणसं हसली. माझं डोकं फिरलं. तोंडाला येईल ते बोललो, बाटली उचलली आणि पाठ फिरवली. जाताना ओट्याच्या कडेला एक बाई दिसली. डोळे पिवळे, उजवा हात बरगडीखाली दाबलेला. मी तिच्या नवऱ्याला विचारलं, "जेवल्यावर कळ येते का हिला?"

"तुमाला काय करायचंय?" तो म्हणाला.

मी चालू लागलो. दहा पावलं, पंधरा. मागून हाक आली नाही.

तीस वर्षांत मी बाजारात हाकेशिवाय मागे वळलो नव्हतो. त्या दिवशी वळलो. बाटली त्या बाईच्या नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याच्या शेजारी ओट्यावर बसलो. म्हणालो, "सोनोग्राफी करा म्हणेपर्यंत उठत नाही. मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

त्याने पुष्कळ दिल्या. मी बसून राहिलो.