भोंग्यापासून भोंग्यापर्यंत

रेल्वे कॉलनीतल्या त्या अँग्लो-इंडियन बाईंना आम्ही नुसतं ‘मिस’ म्हणायचो. त्या आम्हा सहा मुलींना बॅले शिकवायच्या, पण नाचू म्हणून द्यायच्या नाहीत. चार वाजता कारखान्याचा पहिला भोंगा झाला की एका पायावर उभं राहायचं, ते थेट पाच मिनिटांनी होणाऱ्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत. त्या मागून येऊन दोन बोटांनी घोटा चाचपायच्या. “पेट अंदर, बेबी. पाँव बाद में.”

आई चिडायची, “एका पायावर उभं राहाले शिकवणी काहून लागते?”

युद्धाच्या दिवसांत एकदा भोंगा चारच्या आधीच झाला, वरखाली कण्हत. विमानहल्ल्याचा इशारा होता तो. बाहेर लोक खंदकांकडे धावले. आम्ही मात्र सवयीनं पाय उचलला. मिसना फरक कळला असणारच. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग चपला काढून आमच्या रांगेत येऊन स्वतःही पाय उचलला. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. तीही जणू खाली यायला विसरली होती.

शेवटी धोका टळल्याचा सरळ, लांब भोंगा झाला. आम्ही पाय टेकले. मिसनी सगळ्यांकडे पाहिलं. “देखा? कोई नहीं गिरी.”

त्यांचा पाय अजून वरच होता, आणि टेकलेल्या पायाचा घोटा थरथरत होता.