पुंजाजीचे बिनधुराचे रोडगे

आमची नाटक कंपनी खामगावात मुक्कामाला होती तेव्हा मी नायिकेची कामं करीत असे. केस खांद्यापर्यंत, चाल हरिणीची, भूक मात्र भीमाची. आमचा गाडीवान पुंजाजी, पिंपळगाव राजा या गावचा. पडद्याआडून नाटकं बघून बघून त्याला एकच ध्यास लागला होता: एकदा तरी भालदार होऊन रंगमंचावर उभं राहायचं आणि महाराज येत असल्याची ललकारी द्यायची.

सुट्टीच्या दिवशी कंपनीच्या मालकांना डोंगर पाहायची हुक्की आली. म्हणाले, "पुंजाजी, बोथ्याच्या जंगलात नेऊन रोडगे खाऊ घाल. जेवण जमलं तर उद्याचा भालदार तू."

पुंजाजीनं ओढ्याकाठी गोवऱ्या पेटवल्या, निखाऱ्यांत कणकेचे गोळे पुरले आणि वर राख अशी लिंपली की धुराची रेघ नाही.

"धूर दिसला त समजा रांधनारा कच्चा," तो ऐटीत म्हणाला. "चाला, तवरोक डोंगर दाखवतो."

आम्ही टेकड्या चढलो, मोर पाहिले, बोरं खाल्ली. परत फिरलो, तर सगळे ओढे सारखेच! मुंग्यांच्या भीतीनं मालकांनी तुपाचा गडवा सोबत घेतला होता. तो पोटाशी धरून ते तिसऱ्या ओढ्यात घसरले.

"अरे, थोडा धूर तरी ठेवायचास!"

"मले काय मालूम मालक, मीच हारपीन म्हून?"

"भालदार विसर आता."

पुंजाजीचा चेहरा पडला. खडकावर चढून, तोंडाशी हातांचा कर्णा करून त्यानं हाळी दिली, "कोनी हाये का ओऽऽ? रोडगे दिसले का ओऽऽ?"

दरी दणाणली. मोर उडाले.

दोन टेकड्यांपलीकडून बाईचा बारीक आवाज आला, "कोन्त्या येड्यानं पुरले बे? माह्या बकरीचा पाय पोयला!"

आवाजाच्या रोखानं आम्ही धावलो. बकऱ्या राखणारी मनकर्णाबाई रोडगे काठीनं उकरून ठाण मांडून बसली होती. "ना धूर, ना काही! बकरीनं पाय ठेवावा त कुठं?" म्हणत दंडाचे दोन रोडगे तिनं पदराच्या ओट्यात टाकले. मालकांनी आपणहून त्यांवर तूप ओतलं.

तिसरा रोडगा संपवून मालक म्हणाले, "दोन टेकड्या ओलांडून हिला ऐकू गेलं. आमचा राजा चौथ्या रांगेपलीकडे मुका असतो. पुंजाजी, उद्या फेटा बांध!"

दुसऱ्या दिवशी पुंजाजीनं अशी ललकारी दिली की अर्धं थिएटर उठून उभं राहिलं. मागून आलेल्या आमच्या महाराजांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. त्याचं वाईट फक्त महाराजांनाच वाटलं.