सासूची संमती

ज्याचं मन वळवता येणार नाही असा सजीव प्राणी या पृथ्वीवर अजून जन्माला आलेला नाही, असं माझ्या बायकोच्या मामांचं ठाम मत होतं. त्यात माणूस आणि मांजर असा भेद ते करत नसत. त्यांची सारी नोकरी ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत कुटुंब नियोजनाचा प्रचार करण्यात गेली. निवृत्तीनंतर ते वसईत नवघरला फ्लॅट घेऊन राहिले आणि बघता बघता साऱ्या इमारतीचे मामा झाले. समजावण्याची सवय मात्र नोकरीबरोबर सुटली नाही. सांडोरहून केळी घेऊन येणाऱ्या बागायतदाराला ते केळीबद्दल चार गोष्टी सांगत. तो मान डोलावू लागला की ते नाराज होत. "लगेच हो म्हणणारा माणूस नसबंदीच्या कॅम्पाला येत नाही, वाद घालणारा येतो," असा त्यांचा अनुभव होता. मामींनी वाद घालणं कधीच सोडलं होतं. "मी दोन्ही मुलींनंतर मुकाट्याने कॅम्पाला गेले, तेव्हापासून यांना माझ्यात रस नाही," असं त्या भाजी निवडता निवडता सांगत.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. इमारतीच्या आवारात मांजरं फार झाली होती. जिन्यात वास येई, आणि एकदा वीजमीटरच्या खोक्यात पिल्लं निघाली. तेव्हा सोसायटीने सभा बोलावली. मांजरं गोणीत भरून जूचंद्रच्या मिठागरांकडे सोडून यावीत, असं चेअरमननी सुचवलं. मामा उभे राहिले.

"चेअरमनसाहेब, जागा रिकामी झाली की दुसरी येतील. त्यापेक्षा नसबंदी करून इथेच सोडू. आहेत ती जागा राखतील, आणि पोरं होणार नाहीत."

"मामा, आता मांजरांचंही कुटुंब नियोजन?"

"माणसांपेक्षा सोपं. मुलगाच हवा असा त्यांचा हट्ट नसतो."

सभा हसली आणि मामांना गणपतीपर्यंत मुदत मिळाली. तोवर काम पुरं झालं नाही, तर गोणीवाले येणार होते.

खिडक्यांचे ग्रिल बनवणाऱ्या कारागिराकडून मामांनी आपोआप दार पडणारा पिंजरा करून घेतला. जनावरांच्या एका तरुण डॉक्टरला पटवलं. ऑपरेशन झालेलं मांजर ओळखू यावं म्हणून तो गुंगीतच डाव्या कानाचं टोक कापणार होता. सगळी सिद्धता झाली आणि मामांनी तीच चूक केली, जी त्यांच्या खात्यातला माणूसच करू शकतो. घरातली सासू राजी झाल्याशिवाय सून कॅम्पाला येत नाही, या नियमावर त्यांची हयात गेली होती. त्यामुळे त्यांनी आवारातली सर्वांत जुनी, करडी, फाटक्या शेपटीची मांजरी आधी गाठायची ठरवली. तिचं नाव त्यांनी सासूच ठेवलं. बाकीची मांजरं पिंजऱ्याभोवती घुटमळत आणि मामा त्यांना हुसकत: "तुमचा नंबर नंतर." सासू समोरच्या भिंतीवर बसून राही. मामा पिंजऱ्याशेजारी उकिडवे बसून तिला ऑपरेशनचे फायदे सांगत. हे मी स्वतः ऐकलं आहे. त्यात 'पाळणा लांबवणे' हा शब्दप्रयोगही होता.

पाऊस निम्मा सरला तरी पिंजरा रिकामा होता. चेअरमन येता-जाता गोणीवाल्यांची चौकशी करू लागले, आणि मामांचं जेवण कमी झालं. शेवटी सुके बोंबील विकायला येणारी कोळीण वैतागली.

"मामा, तुमी हितं भाषन करताव, ती खाल कशी? जरा घरात जा, पानी पिऊन या."

तिने एक बोंबील पिंजऱ्यात टाकला. मामा पाणी पिऊन परत आले तेव्हा दार पडलेलं होतं. आपल्या गैरहजेरीत झालेलं मतपरिवर्तन त्यांना फारसं रुचलं नसावं.

ऑपरेशननंतर सासूला घेऊन ते परतले, तेव्हा चेअरमन फाटकातच उभे होते. "पकडलीच आहे, तर आता मिठागराकडे सोडून या. इथे कशाला?"

फाटकाशी जमलेले सगळे मामांच्या भाषणाची वाट पाहू लागले. मामा एकच वाक्य बोलले. "ऑपरेशन झालेल्या बाईला आम्ही जीपने तिच्या दारापर्यंत सोडायचो." मग ते पिंजरा छातीशी धरून गप्प उभे राहिले. मामा गप्प आहेत, हे दृश्य चेअरमनना सोसवलं नाही. ते बाजूला झाले. मामांनी पिंजरा भिंतीपाशी उघडला आणि सासूपुढे एक मांदेली ठेवली. कॅम्पानंतर सत्कार करायची पद्धत होती, म्हणाले.

बाकीच्यांना पकडायला मग वेळ लागला नाही. गणपती घरोघर आले तेव्हा आवारातल्या प्रत्येक मांजराचा डावा कान कापलेला होता. त्यानंतर तिथे पिल्लू जन्मलं नाही. मामांचा प्रचार आयुष्यात इतका यशस्वी कधीच झाला नव्हता, आणि त्याचा अर्थ त्यांच्या हळूहळू ध्यानात आला. मांजरं म्हातारी होत गेली. एकेक दिसेनाशी झाली. सरतेशेवटी, सर्वांत जुनी असूनही, सासूच एकटी उरली; बाहेरचं मांजर तिने आवारात शिरू दिलं नाही. जिन्याखालच्या त्या पिंजऱ्याचं दार मामांनी सुतळीने वर बांधून टाकलं होतं. ती आपल्या पायांनी आत जाऊन झोपत असे.

एका हिवाळ्यात पिंजरा रिकामा राहू लागला. मी गेलो तेव्हा कोळीण दारात बसली होती. तिने नेहमीप्रमाणे टोपलीतला एक बोंबील वेगळा काढला. "ह्यो सासूला." मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि जिन्याखाली नेऊन ठेवला. कोळणीला त्यांनी काही सांगितलं नाही.