डोंगरावरचं एक, सपाटीवरचं एक

पाळकसाहेबांना एक गोष्ट झकास जमायची: समोर कोण बसलंय ते पाहून तोंड उघडणं. याला ते विद्वत्ता म्हणत. येशूची गोष्ट सांगणारी शुभवर्तमानं वेगवेगळ्या लोकांसाठी लिहिली गेली, हे त्यांचं व्याख्यान ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते. पहिलं जुनी शास्त्रं तोंडपाठ असलेल्यांसाठी, म्हणून ते वंशावळीनेच सुरू होतं. त्यातलं येशूचं मोठं प्रवचन डोंगरावर होतं आणि मनाने दीन असलेल्यांना धन्य म्हणतं. तिसरं बाहेरच्या लोकांसाठी. त्यात तसंच प्रवचन सपाटीवर होतं, सरळ गरिबांनाच धन्य म्हणतं आणि वर श्रीमंतांची खरडपट्टी काढतं.

आता योगायोग बघा. धुलाई कारखान्याच्या मालकांचा बंगला टेकडीवर आणि कामगारांच्या खोल्या खाली सपाटीवर. साहेब सकाळी टेकडीवर मनाची दीनता वाचत. मालक खुर्चीत रेलून मान डोलावत. मनाने दीन व्हायला पदरचं काही जात नाही. संध्याकाळी साहेब खाली उतरत आणि गरिबांचं राज्य जाहीर करत. बायका डोळे पुसत. चहा दोन्हीकडे मिळे.

साहेबांची धाकटी बहीण त्याच कारखान्यात होती, चादरी दाबून वाळवणाऱ्या तापलेल्या रुळांवर. नवरा गेल्यापासून दोन पोरी तिच्या पगारावर वाढत होत्या. एका बाईचा पंजा रुळांत भाजला, तेव्हा पुढे जाळी बसवा, असं बहीण मालकांना म्हणाली. मालकांनी जाळीऐवजी तिलाच घरी बसवलं.

"दादा, रविवारी मालक खाली आपल्या प्रार्थनाघरात येणारेत," ती म्हणाली. "आम्हाला दर आठवड्याला वाचून दाखवतोस ना, तेच वाच. मग माझ्या बहिणीला कामावर परत घ्या म्हणायला तुला जड जाणार नाही."

"वाचतो की! त्यात काय मोठंसं?" साहेब म्हणाले. तेव्हा समोर बहीण एकटीच होती.

रविवारी पुढच्या बाकावर मालक आणि मागे सगळ्या धुलाईवाल्या. साहेबांची पाचावर धारण बसली. दोन्हीकडचे श्रोते उभ्या जन्मात एका छपराखाली आले नव्हते. डोंगर वाचावा तर मागचे हसणार, सपाटी वाचावी तर पुढचा उठणार, आणि साहेबांची राहती खोलीही मालकांच्याच मालकीची. त्यांनी घसा खाकरला, पानं उलटली आणि चक्क वंशावळ वाचायला घेतली. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी झाला. पिढ्यान्‌पिढ्या जन्माला येत राहिल्या. मालकांना डुलकी लागली. मागच्या बायका एकेक करून उठून गेल्या.

संताप यावा असंच हे. शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांनी गोष्ट वळवली ती आपल्या माणसांपर्यंत पोचावी म्हणून. या गृहस्थांनी ती कोणापर्यंतच पोचू नये म्हणून वळवली, आणि वर अभ्यासाचा आव आणला.

"सुरेख झालं," मालक जाताना म्हणाले. "कुणाला लागेल असं काही नव्हतं."

बहीण दाराशी थांबली होती. साहेबांनी लगेच सुरू केलं, "अगं, श्रोते बघून बोलावं लागतं. ज्यांनी शुभवर्तमानं लिहिली त्यांनीसुद्धा..."

"ते पाठ आहे मला," ती म्हणाली. "एवढंच सांग, दादा. मीपण समोरच बसले होते ना? मग ती वंशावळ वाचलीस तेव्हा मी तुझी कोण होते?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. बाकं रिकामी होती. ऐकायला फक्त ती उरली होती. साहेब पुन्हा पानं उलटू लागले.