नवस फेडून आल्यावर

चढाईला जाण्याआधी ती दोन्ही तळवे मातीत घासायची आणि समोरच्या संघातल्या एखादीकडे बोट दाखवून सांगायची, "तुलाच टिपणार." टिपायचीही. मी डोक्याला हात लावला की मलाच समजावायची, "टेन्शन नाय घ्यायचं, सर."

दहिसरला आमच्या चाळीमागच्या मैदानावर मी मुलींना कबड्डी शिकवतो. उद्धट पोरी मला खपत नाहीत, आमच्याच चाळीतली ही मात्र खपायची. पंचांशी भांडायची, बाद झाली तरी कडेला बसून आमच्याच पोरींच्या चुका मोठ्याने काढायची. तुमच्याही मैदानावर अशी एखादी असेल. तिला जपा, एवढंच सांगतो.

पंधराव्या वर्षी तिला डाव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं. मग उजवा पाय ओढत चालायला लागली. मुरगळला असेल म्हणून आईने हळद लावली. मोठ्या इस्पितळात एमआरआय झाला तेव्हा नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची रोगाशी लढणारी ताकदच उलटते आणि मेंदूतल्या, मणक्यातल्या नसांवरचं आवरण खाते, असं डॉक्टरांनी समजावलं. हे एवढ्या लहान वयात होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सलाइनमधून औषध दिलं. पुढचा झटका टळावा म्हणून इंजेक्शनं नेमाने घ्यायला सांगितली.

त्याच सुमारास आईने कोकणात जाऊन ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, नवस बोलली. महिन्याभरात पोर पुन्हा धावायला लागली.

पुढचं आठवलं की आजही जीव जळतो. आईने इंजेक्शनं बंद केली.

"देवाच्या पायाशी घातलीय तिला, सर. वर सुई टोचत राहिलो तर आमचा विश्वास नाय, असंच झालं ना?"

हा आजार मध्ये ओसरतो आणि पुन्हा येतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मीही पोरीच्या घरी, दारात उभा राहून घसा कोरडा केला. आई म्हणाली, "तुमच्या डोळ्यांसमोर पळतेय ना ती?"

पळत होती. पळणाऱ्या पोरीपुढे माझं कोण ऐकणार?

मे महिन्यात घरचे तिला घेऊन नवस फेडायला गावी गेले. देवळाच्या पायऱ्या ती एका दमात चढली म्हणे. परतल्यावर थोड्याच दिवसांत, एका सकाळी तिला अंथरुणातून उठता येईना. दोन्ही पाय गेले, नजरही बरीचशी गेली. या वेळी सलाइनने फारसं काही परत आलं नाही. इंजेक्शनं आता पुन्हा चालू आहेत. गेलं ते मात्र त्या सुयांनी परत येणार नाही.

परवा भेटायला गेलो. आई चहा टाकायला आत गेली. माझ्या आवाजाच्या अंदाजाने पोरीने मान वळवली, पण नजर माझ्या खांद्याशेजारी राहिली. हळूच म्हणाली, "सर, पायऱ्या चढताना मी देवाचं नाव नव्हते घेत. मॅचचा विचार करत होते. म्हणून झालं का?"

"नाही गं. असं काही नसतं."

"मग कशामुळे?"

हा आजार कोणाला का होतो, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. मी तिचा हात धरून बसलो. बाहेर मैदानावर पोरी जमल्या. कोणीतरी चढाईला निघाली आणि तिचं कबड्डी-कबड्डी घरात ऐकू यायला लागलं.

"खिडकी लावता का, सर?" ती म्हणाली.

मी लावली.