तांदळात पुरलेलं ट्रफल

"भाऊ, खरं सांगा, हे ताजंच आहे ना? का नवखं गिऱ्हाईक बघून जुनं गळ्यात मारताय?"

"ताई, ते लांबून कळत नाही. घ्या, नाकाला लावा."

अळंबीवाल्यानं कागदात गुंडाळलेली वस्तू तिच्या तळहातावर ठेवली. काळी, खरबरीत, लिंबाएवढी. शेळीच्या लेंडीचा थोरला भाऊ शोभावा अशी. तिनं ती नाकाला लावली आणि मान झटक्यानं मागं घेतली. ओली माती, लसूण आणि बोकड एकाच गोणीत घालून तोंड बांधलं, आणि मग ती गोणी आपल्या डोक्यावर सोडली, तर जे होईल ते झालं.

"हाच," ती म्हणाली. "हाच वास पाहिजे."

बाई कोपऱ्यावरची इस्त्रीवाली. कपडे तिच्या ओळखीचे, अळंबी नव्हे. पण ट्रफल हा शब्द तिच्या घरात मीठमिरचीसारखा रोजचा होता. नवरा मोठ्या हॉटेलात आचारी. ट्रफल जमिनीच्या पोटात, झाडाच्या मुळाशी वाढतं आणि शिकवलेलं कुत्रं ते हुंगून काढतं. हंगामात त्याची टोपली हॉटेलात आली की ती आधी याच्यापुढे ठेवायची. हा एकेक उचलायचा, हुंगायचा आणि वाटण्या करायचा: हे आज, हे उद्या, हे फेका. त्यावरून सगळे त्याला वासमास्तर म्हणत. कुत्र्याचं काम करतो आणि पगार माणसाचा घेतो, असंही म्हणत, आणि तो हसायचा.

मग ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित येणारही नाही. एवढं तर तिची म्हातारी सासूही सांगू शकली असती, आणि फुकट. हॉटेलात त्यानं अशक्तपणाचं निमित्त सांगून रजा वाढवली. खरं घरात तिघांनाच ठाऊक.

एके दिवशी ती दुकानातून घरी आली तर जिन्यातच गॅसचा भपकारा. आत वासमास्तर शेगडीशेजारी बसून पायाची नखं कापत होता. तिनं खटका बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग फरशीवर बसकण मारली. त्यानं विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं. त्यानं नेलकटर खाली ठेवलं आणि बंद खटका पुन्हा एकदा दाबून बघितला. त्या दिवसापासून तिनं त्याला एकट्याला शेगडीपाशी जाऊ दिलं नाही.

आणि आता हॉटेलातून निरोप: सोमवारी हंगामाची पहिली टोपली येतेय, सोमवारी या. हवापालट म्हणून तो भावाकडे गेला होता, रविवारी सकाळी परतणार होता. जाताना म्हणाला होता, "कांदा गेला, दूध गेलं, अत्तरसुद्धा गेलं. ट्रफलनंही नाक उघडलं नाही, तर मग ते बंदच झालं समज."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. हिनं लेंडीचा घेतला. महाग होतं. पण महाग महाग म्हणून ते स्वस्त थोडंच होणार होतं.

अळंबीवाल्यानं बजावून सांगितलं. धुवायचं नाही, खायच्या वेळी ब्रशनं माती झाडायची. कागदात गुंडाळून झाकणाच्या बरणीत, बरणी फ्रिजमध्ये, कागद रोज बदलायचा. आणि जपून ठेवायची वस्तू नाही ही, लवकर खायची.

"रविवारपर्यंत टिकेल?"

"सांगितलं तसं ठेवलंत तर."

तिनं ठेवलं तसंच. दुसऱ्या दिवशी सासूनं चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "अगं, या दुधात बोकड मेलाय." लोणी, अंडी, उरलेला भात, फ्रिजमधलं सगळं एका वासाचं झालं होतं. सासूनं दूध ओतून दिलं, लोणी टाकून दिलं, अंडी शेजारणीला दिली. शेजारणीनं परत आणून दिली. वर सासूचं बोलणं: ट्रफल म्हणजे चॉकलेट असतं ना गं? मग हे काय आणलंस, आणि कुणाच्या खालचं?

सासूचं तिनं ऐकून घेतलं असतं. तिला धास्ती बसली ती कागदाची. रोज बदलावा तर रोज दमट. आता इस्त्रीवालीला ओल म्हणजे काय ते तुम्ही शिकवू नका. ओल म्हणजे बुरशी, ओल म्हणजे कळकट वास, ओल म्हणजे गिऱ्हाइकाचा सदरा वाया. तिचा सगळा जन्म ओल मारण्यात गेलेला. कपाटात ओल लागली तर कोळसा ठेवायची. फोन पाण्यात पडला तेव्हा तो तांदळात पुरून तिनंच जिवंत केला होता. ट्रफल दमट पडतंय म्हणजे नासतंय, आणि ते नासलं तर नवऱ्याचं नाक गेलं, एवढंच तिला दिसत होतं. ज्यानं विकलं त्यानं काय सांगितलं होतं ते बाजूला राहिलं. तिनं बरणी रिकामी केली आणि ट्रफल तांदळाच्या डब्यात, तळाशी, पोराला पांघरूण घालावं तसं पुरून ठेवलं.

कागदाची कटकट मिटली. दुधालाही वास येईना. ती निर्धास्त कपडे दाबत राहिली. नवऱ्याचा पांढरा कोट धुऊन, खळ घालून तिनं अशी इस्त्री केली की तो खुंटीवर टांगला तरी आत माणूस असल्यासारखा उभा राहिला.

रविवारी वासमास्तर आला. ती म्हणाली, हातपाय धुऊन बसा, आज मी करते. तिनं तांदळात हात घातला. हाताला ट्रफल लागलं, पण ओळखू येईना. लिंबाचं सुपारीएवढं झालं होतं आणि हलकं, वाळक्या लाकडासारखं. नाकाला लावलं. तांदळाचा वास आला. पुन्हा लावलं. तांदूळच.

आता काय करणार? तिला वाटलं, उष्णतेनं जागं होईल. थंड सदऱ्यावर सुरकुती जात नाही, तापलेल्या इस्त्रीखाली जाते, तसं काहीतरी. नवं लोणी पातेल्यात वितळवलं, नवी अंडी फोडून मंद आचेवर ढवळत ठेवली, मऊ असतानाच ताटलीत ओतली, आणि वेफरच्या किसणीवर ट्रफल घासलं. पातळ चकत्या पडायच्याऐवजी भुसा पडला. तोच तिनं गरम अंड्यांवर भुरभुरला. वाफ वर आली. तिनं तोंड वाफेत घातलं. अंडं आणि लोणी, बाकी काही नाही.

ताटली तिनं त्याच्यापुढे ठेवली. सासूला आणि स्वतःला थोडं थोडं वाढून घेतलं.

वासमास्तरानं डोळे मिटले. वाकून दीर्घ श्वास घेतला, जसा टोपलीपुढे घ्यायचा. पुन्हा एक घेतला. मग डोळे उघडून म्हणाला, "आला."

सासूचा घास हातात राहिला.

"आला गं. काय वास आहे! आधी माती, मग लसूण, मग ते मागून येतं ते." तो भराभर खाऊ लागला. उद्या टोपली फोडतो, म्हणाला. कोट काढून ठेव, म्हणाला.

सासू तोंड उघडणार तोच हिनं टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. म्हातारीनं आपल्या ताटातलं अंडं हुंगलं, सुनेकडे बघितलं आणि मान खाली घातली.

हीही गप्प राहिली असती तर एक दिवस सुखाचा गेला असता. तो उद्या कोट चढवून गेला असता, नासलेलं ट्रफल चांगलं म्हणून दिलं असतं, आणि तेही सोडा, एवढाल्या शेगड्यांच्या मधोमध उभा राहिला असता. तिला जिन्यातला तो भपकारा आठवला. हॉटेलात खिडक्या उघडायला ती नसणार होती.

"त्याला वासच नाही," ती म्हणाली.

"कशाला?"

"ट्रफलला. कागद दमट होतोय म्हणून मी ते तांदळात पुरलं. वाळून मेलं ते. आईंना विचारा."

सासू म्हणाली, "मला विचारू नका." आणि उठून मोरीकडे गेली.

वासमास्तर चावत होता, चावतच राहिला. मग त्यानं ट्रफलचा उरलेला तुकडा उचलला, अंगठ्यानं दाबला, उजेडाकडे धरला. नाकाकडे मात्र नेला नाही.

"हे हाताला कळलं असतं," तो म्हणाला. "आधी हातात दिलं असतंस तर मीच फेकलं असतं."

"मग आला कशाला म्हणालात?"

"मला वाटलं, एकदा म्हणून बघावं. नाक लाजेकाजेस्तव तरी येईल परत."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याचं रडू झालं. त्यानं तिचं ताट आपल्याकडे ओढलं आणि तिचंही अंडं संपवलं. अन्न टाकायची त्याला सवय नव्हती.

सोमवारी कोट न घालताच तो हॉटेलात गेला, सांगून टाकायला. ती दुकानात कपडे दाबत होती, पण लक्ष रस्त्याकडे. दुपारच्या आत तो परत आला. आल्या आल्या तिच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसला.

टोपली आली होती, म्हणाला. मुख्य आचाऱ्यानं ती त्याच्यापुढे ठेवलीही, सवयीनं. मग यानं सांगितलं. आचारी चांगला माणूस, खांद्यावर हात ठेवला. पण शेगडीपाशी उभं करता येणार नाही म्हणाला. दुसरं काही असलं तर कळवतो म्हणाला.

"कळवतील?"

"मीसुद्धा काम मागायला येणाऱ्या पोरांना असंच सांगायचो, कळवतो म्हणून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो अगदी इस्त्रीला लागून बसला होता आणि समोरच्या कपड्यांच्या ढिगाकडे बघत होता. मग तिच्या नाकात करपल्याचा वास शिरला. इस्त्री एका निळ्या सदऱ्याच्या पाठीवर तशीच राहिली होती आणि तिच्या कडेनं बारीक धूर निघत होता, त्याच्या हनुवटीखालून. त्याच्या नाकाला पत्ता नव्हता, तो ढिगाकडेच बघत होता.

तिनं इस्त्री उचलून उभी केली. सदऱ्यावर तपकिरी डाग उठला होता. गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यावं लागणार होतं. तिनं तो सदरा घडी करून बाजूला ठेवला.

"सरका जरा," ती म्हणाली, आणि पुढचा सदरा टेबलावर पसरून त्याच्यावर पाणी शिंपडलं.