प्रश्न उतरवून घेणारी मुलगी

मंडळाच्या सभासदहो, आज सकाळी घडलेले मंडळाच्या या सूचना फलकावर क्रमाने लिहिते. माझी भाची पुष्पा शालान्त परीक्षेत भिवापुरात पहिली आली. इथल्या महाविद्यालयाच्या प्रवेश चाचणीत मात्र ती नापास ठरली. शाळेच्या शिस्तीप्रमाणे तिने प्रत्येक प्रश्न आधी सुवाच्य उतरवला, मगच उत्तर लिहिले. निम्मे प्रश्न राहिले. सोडवलेल्यांत एकही चूक नव्हती.

आज तिची उत्तरपत्रिका दाखवताना निवड समितीचे एक प्राध्यापक तिला हसले. "काहून वं, प्रश्न आम्हाले माहीत नव्हते का?"

"सर, गुरुजी प्रश्नाबिगर उत्तर तपासतच नव्हते."

"मग गुरुजींच्याच कॉलेजात जा."

या गृहस्थांनी हाताचा वेग मोजला आणि त्याला गुणवत्ता असे भारदस्त नाव दिले. ते आपलेच सभासद आहेत. पुष्पा कोणत्या विषयात कच्ची आहे, हे त्यांनी याच फलकावर लेखी कळवावे.